चार अधिक एक

बाबांच्या कॅल्क्युलेटरचं पाचचं बटण मेलेलं होतं. मी सातवीत असताना ते बंद पडलं आणि बाबा गेले त्या दिवसापर्यंत बंदच राहिलं. मोताळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये ते वजनकाट्यावर होते. दिवसभर कापसाच्या गाड्यांची आणि गाठींची वजनं लिहायची आणि संध्याकाळी बेरीज करायची, हे त्यांचं काम. त्या जिनिंगचं बारीक तूस त्यांच्या कपड्यांत, भुवयांत, डब्याच्या झाकणात असायचं. तेच बटणाच्या खाली गेलं असावं. छातीतही गेलं, ते पुढे कळलं.

पाच दाबता येत नाही म्हणून बाबांनी कॅल्क्युलेटर टाकला नाही. त्यांनी पाच टाकायची दुसरी रीत काढली. एकशे पासष्ट लिहायचे असतील तर एकशे चौसष्ट दाबायचे आणि मग अधिक एक. बेरजेच्या कामात हे बिनबोभाट चालायचं. त्यांची बोटं इतकी सरावली होती की बघणाऱ्याला कळायचंही नाही. मी पहिल्या पगारात त्यांना नवा कॅल्क्युलेटर आणून दिला, तर त्यांनी तो खोक्यासकट कपाटावर ठेवला. "याले मह्या हाताची सवय आहे," एवढंच म्हणाले. मला तेव्हा राग आला होता.

आता त्या रागाचं हसू येतं, कारण असं वेड घरोघरी असतं. देऊळघाटकडच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवतो, तिथे निकालाच्या दिवसांत प्रत्येकाच्या टेबलावर ज्याचा त्याचा कॅल्क्युलेटर येतो. एका बाईंच्या कॅल्क्युलेटरला त्यांच्या मुलीने लावलेली टिकली आहे आणि त्याला हात लावलेला त्यांना खपत नाही. खिशात मोबाइल असतो, तरी कुणी तो काढत नाही. मला वाटतं, ज्या वस्तूने वर्षानुवर्षं आपल्याला खोटं पाडलं नाही, तिच्यावर माणसाचा जीव बसतो. माणसं इतकी भरवशाची कुठे असतात?

आईला मात्र कॅल्क्युलेटर कधी लागला नाही. आमचं थोडं वावर होतं, त्यात ती भाजी लावायची. तिसरी शिकलेली बाई, पण किती वाफ्यांना किती रोपं लागतील, हे बोटांची पेरं मोजून चुटकीसरशी सांगायची. बाबा तरी पडताळा घ्यायचे. "थांब, मशीन काय म्हणते ते पाहू दे," म्हणत बटणं दाबायचे. उत्तर तेच यायचं. तेव्हा ते मशीनकडे बघून मान डोलवायचे, आईकडे नाही. मीही हसायचो. हे लिहायला मला आवडत नाही, पण हसायचो.

शेवटच्या वर्षात बाबांना घरीच ऑक्सिजन लावावा लागला. सिलिंडर बुलडाण्याहून यायचं. देणाऱ्या माणसाने हिशेब नीट समजावला होता. सिलिंडरवरचा काटा जितका दाखवेल त्याला दहाने गुणायचं, म्हणजे आत किती लिटर उरलं ते कळतं. त्याला मिनिटाला किती लिटर सोडता त्याने भागायचं, की मिनिटं आली. बाबांना नळी लावलेली असताना बोलणं जमायचं नाही, पण हा भागाकार ते स्वतः करायचे. कॅल्क्युलेटर उशाखाली असायचा. कधी दोनने भागायचं, कधी तीनने. सहा महिने त्यांचं उत्तर एकदाही चुकलं नाही. मिनिटं बोटांनी दाखवताना त्यांच्या तोंडावर जुना काटाबाबू दिसायचा आणि मला बरं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी त्यांना फार धाप लागली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पाच लिटरवर करा. दुसरं सिलिंडर रिकामं पडलं होतं, ते भरून आणायला मी निघालो होतो. काटा एकशे वीसवर होता, म्हणजे बाराशे लिटर. मी मोबाइल काढला तर बाबांनी हाताने नको म्हटलं आणि उशाखालून कॅल्क्युलेटर काढून माझ्या हातात दिला. मी बाराशे दाबले, भागाकाराचं चिन्ह दाबलं आणि पाचाशी अडलो. बाबांनी मला चार बोटं दाखवली, मग एक. मी चार दाबले, अधिक एक दाबला. तीनशे एक मिनिटं आली.

"पाच तास," मी म्हणालो. बाबांनी मान डोलवली. आई त्यांचे पाय चेपत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग परत पाय चेपू लागली. अकरा वाजले होते. मी मालवाहू ऑटो केला आणि बुलडाण्याला गेलो.

मोठं सिलिंडर तयार नव्हतं, गाडी यायची होती. देणारा माणूस म्हणाला, "भाऊ, आता हे लहान घेऊन जा. मोठं मी मागून पाठवतो." मी म्हणालो, "राहू द्या, आपल्याले चार वाजेपर्यंत टाइम आहे." ऑटोवाल्याबरोबर मी चहा घेतला, पोहे खाल्ले. अडीचला आईचा फोन आला. "निघाला काय रे?" मी जरा चिडूनच म्हणालो, "चार वाजेपर्यंत आहे, माय. कायले घाबरून राह्यली?" तिने फोन ठेवला.

तीनला सिलिंडर मिळालं. राजूरचा घाट उतरेपर्यंत फोनला रेंज नव्हती. तीन चाळीसला मी दारात पोचलो तर घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. काटा शून्यावर होता. शेजाऱ्यांनी बाबांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. ते वाटेतच गेले.

सिलिंडर कमी भरलेलं दिलं, असं काकांनी ठरवलं आणि सगळ्या भावकीने ते मानलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर काका आणि चुलतभाऊ मला घेऊन बुलडाण्याला गेले. त्या माणसाला त्यांनी रस्त्यावर ओढून शिव्या दिल्या, एकाने मारलंही. तो हात जोडून एकच सांगत होता, "काटा तुमीच पाहून नेलं होतं, भाऊ." मी बाजूला उभा होतो. तो खरं बोलतोय हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ते कळलं. बाबांची गादी उचलताना कॅल्क्युलेटर हाताला लागला. सहज म्हणून बाराशे भागिले पाच मोबाइलवर केलं. दोनशे चाळीस. मग बाबांच्या रीतीने त्यांच्या कॅल्क्युलेटरवर केलं. तीनशे एक. यंत्राची चूक नव्हती. त्याने बाराशेला चारने भागलं आणि त्यात एक मिळवला, जसं आम्ही सांगितलं तसं. बेरजेत चालणारी रीत आम्ही भागाकाराला लावली होती. चौथीच्या पोराला तोंडी येणारा हिशेब.

मी कुणाला सांगितलं नाही. भावकीने गावोगाव बोभाटा केला, आमच्या बाजूचे लोक त्या माणसाकडून सिलिंडर घेईनासे झाले, हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मी वर्षभर गप्प राहिलो. भ्यालो होतो, दुसरं कारण नाही.

वर्षश्राद्धाला आईने कॅल्क्युलेटर पुसून बाबांच्या फोटोपाशी ठेवला. त्याच्यावर फूल वाहिलं. ते मला बघवेना. पाहुणे गेल्यावर मी तिला समोर बसवलं आणि बटणं दाबून सगळं दाखवलं. चार, अधिक एक. लहान सिलिंडर मी नाकारलं होतं, तेही सांगितलं. ती रडेल, मला मारेल, असं वाटलं होतं.

तिने आपल्या बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला.

"उद्या बुलडाण्याले चाल," ती म्हणाली. "त्या माणसाच्या पाया पडू."

मी हो म्हणालो.

"मिनिटाले पाच, म्हंजे तासाले तीनशे," ती म्हणाली. "बाराशात तीनशे चारच येळा जातात. मले तवाच समजलं होतं."

"मग बोलली काऊन नाही, माय?"

"तुमी दोघं मशीनवर करून राह्यले होते ना." ती उठली आणि तिने कॅल्क्युलेटरवर वाहिलेलं फूल उचलून घेतलं. "अडीचले फोन केला होता म्या."