आगबोटीवरची टॉवेल-टोपी

धुडकूभाऊ पाटलांना मिलमधले लोक 'नवाब' म्हणत. सुरतजवळ पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये त्यांनी उमेदीची सारी वर्षं कापड रंगवायचं जिगर मशीन चालवलं. दिवाळीला तिथे एक रीत होती. खिडकीवर बोनस वाटून झाला की शेठ गादीवर बसत, कामगार एकेक करून पाया पडत आणि मिठाईचा डबा व पाकीट घेऊन बाहेर येत. धुडकूभाऊ मात्र खिडकीवरून सरळ लिंबायतला, घरी.

"बोनस घामाचा, ताई. पाकीट मर्जीचं," ते मला म्हणाले होते. "मर्जीचं घेतलं की मान खाली जाते."

त्यांच्या पत्नी सरलाबाई आमच्याकडे पोळ्या करायला येत. सोबत मुलगा वाल्मिक असायचा. आईच्या पोळ्या होईपर्यंत तो माझ्याजवळ बसून इंग्रजी वाचायचा. माझ्या शाळेतल्या नन्सनी मला जसं उच्चारावर थांबवलं होतं, तसंच मी त्याला थांबवत असे. पुढे तो हॉटेलचा कोर्स करून कामरेजच्या एका हॉटेलात लागला आणि तिथून मोठ्या क्रूझ जहाजावर वेटर म्हणून गेला. जहाजाच्या नोकरीचा कागद हाती आला त्या दिवशी त्याने तो प्रथम मला वाचून दाखवला. एकाही शब्दाला अडखळला नाही.

धुडकूभाऊंना अभिमान होताच. पण एका लग्नात जेवताना कोणीतरी म्हणालं, "नवाबाचा पोरगा बोटीवर टिपांवर जगतो म्हणे." घरी येऊन त्यांनी लगेच फोन लावला.

"पगार जास्त, का वरचे?"

वाल्मिक खोटं बोलत नाही. "आबा, वरचेच जास्त."

"मन्हा पोऱ्या हात पसारस?" फोन ठेवून ते सरलाबाईंना एवढंच म्हणाले. माझा मुलगा हात पसरतो? नंतर पलसाण्याला जाऊन त्यांनी जुन्या ओळखीवर वाल्मिकसाठी सुपरवायझरची जागा बोलून ठेवली आणि त्याला निरोप धाडला की हा करार संपला की उतर.

वाल्मिकने उलट निरोप पाठवला. त्या हिवाळ्यात जहाज मुंबईहून गोवा-कोचीच्या फेऱ्या करत होतं आणि घरच्यांना सवलतीत नेता येत होतं. "एकदा या, डोळ्यांनी बघा. मग उतर म्हणालात तर उतरतो. शब्द."

धुडकूभाऊंनी शब्द घेतला. इंग्रजीची अडचण नको म्हणून सरलाबाईंनी मला गळ घातली, आणि मीही माझं तिकीट काढलं.

सामानात धुडकूभाऊंनी एक पांढरा टॉवेल, एक पांढरी टोपी आणि नारळ घेतला होता. खानदेशात ज्याचा मान करायचा त्याला टॉवेल-टोपी देतात. "बोटीच्या मोठ्या साहेबाला," ते म्हणाले. "मुलगा त्याच्या हाताखाली आहे. रिकाम्या हाताने कसं जायचं?" नारळ मुंबईच्या तपासणीतच अडकला. टॉवेल-टोपी आत आली.

त्यांची खोली सांभाळणारा मुलगा बाली बेटावरचा होता, नाव पुतू. पहिल्या संध्याकाळी त्याने टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला. सरलाबाईंनी तो मोडू दिला नाही. दोघांनी पदराला आणि धोतराला हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतू यायच्या आत सरलाबाईंनी चादरींच्या घड्या करून ठेवल्या, बाथरूम पुसलं, कचऱ्याची पिशवी बांधून दाराबाहेर ठेवली. तिसऱ्या दिवशीही तेच. घरी पाहुणी गेलेली बाई दुसरं काय करणार?

पुतू कासावीस झाला. त्याने वाल्मिकला गाठून विचारलं, तुझ्या आईवडिलांना माझं काम आवडलं नाही का? तक्रार गेली तर माझं कठीण आहे.

वाल्मिक दुपारी धावत आला. "माय, ते त्यानं काम शे. तू नको करू." ते त्याचं काम आहे.

"पोऱ्या थकी जाई म्हनीसन करं मी," सरलाबाई ओशाळून म्हणाल्या. पोरगा दमेल म्हणून केलं.

धुडकूभाऊ एकदम उठून बसले. "सरला, माझ्या जिगरला कोणी हात लावला तर मी काय करायचो?"

"शिव्या द्यायचात."

"मग?"

पुढच्या सकाळी ते खुर्चीत बसून पुतूचं काम पाहत राहिले. पुतूने चादर झटकली, कोपरा उचलला, तळहाताने दाबून गादीखाली घातला. धुडकूभाऊ उठले, वाकले आणि चादरीवरून बोट फिरवून पाहिलं. ज्यांचा जन्म कापडात गेला, त्यांना कापडावरची सुरकुती म्हणजे रंगाचा डाग. इथे एकही सापडली नाही. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "ताई, याला सांगा, कारागीर आहेस." मी सांगितलं. पुतूने हसून छातीवर हात ठेवला.

शेवटच्या दिवशी चौकशीच्या काउंटरवर लांब रांग लागली. जहाजावर रोज ठरावीक टिप प्रवाशाच्या बिलात आपोआप चढते. नको असेल तर काउंटरवर सांगून काढता येते. रांगेत आपल्या सुरतचा एक मोठा ग्रुप होता. त्यातल्या एकाने धुडकूभाऊंना जवळ बोलावलं. "काका, कढावी नाखो. मरजियात छे." काढून टाका, सक्ती नाही.

"हे कोणाचे पैसे?" धुडकूभाऊंनी मला विचारलं.

"पलंग करणाऱ्यांचे. वाढणाऱ्यांचे. सगळ्यांत वाटतात."

धुडकूभाऊंनी हिशोब लावला. "लूमवाल्याला मीटरवर मिळतं, आम्हाला पाळीवर मिळायचं, यांना असं मिळतं. ही मजुरीच झाली की." मग त्या गृहस्थाला त्यांनी गुजरातीत सांगितलं, "भाई, मजूरी ना कपाय." मजुरी कापत नाहीत. तो गृहस्थ हसला आणि रांगेतच राहिला.

मला वाटलं, वाल्मिक सुटला. पण रात्रीच्या जेवणाला शेजारच्या टेबलावरच्या एका प्रवाशाने चुटकी वाजवून वाल्मिकला बोलावलं आणि दोन बोटांत नोट धरून, त्याच्याकडे न बघता पुढे केली. वाल्मिक सरळ उभा राहिला, "थँक यू, सर," म्हणाला आणि नोट खिशात ठेवून ताटल्या उचलू लागला. धुडकूभाऊंचा घास हातातच राहिला. त्यांनी ताट सारलं आणि खोलीत निघून गेले.

"आता उतरवतातच याला," सरलाबाई मला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

सकाळी उतरायच्या वेळी पुतू बॅगा न्यायला आला. मागोमाग वाल्मिकही सुट्टी मागून आला होता, उत्तर ऐकायला. धुडकूभाऊंनी बॅग उघडली आणि टॉवेल-टोपी काढली.

"आबा, कॅप्टन साहेब आता भेटणार नाहीत," वाल्मिक म्हणाला.

"त्यांना कोणी बोलावलंय?"

त्यांनी पुतूला खुर्चीत बसवलं. तो उठायला लागला, तर खांद्याला धरून पुन्हा बसवलं. टॉवेल खांद्यावर घातला, दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि टॉवेलच्या पदरावर एक नोट ठेवली. सरलाबाईंनी पर्समधून कुंकू काढून टिळा लावला. पुतूला मराठीचा शब्द कळत नव्हता, पण मान करतात हे कळायला भाषा लागत नाही. त्याने हात जोडले आणि वाल्मिकला काहीतरी सांगितलं.

"म्हणतो, आमच्याकडेही डोक्याला बांधून असाच मान देतात," वाल्मिकने सांगितलं.

पुतूने टोपी घालूनच बॅगा उचलल्या आणि ताठ मानेने लिफ्टकडे गेला.

"बघ, मान खाली गेली का त्याची?" धुडकूभाऊ वाल्मिकला म्हणाले. "काल रात्रभर विचार करत होतो. तुझी पण गेली नव्हती. त्या माणसाला देता येत नव्हतं. आमच्या शेठलाही नव्हतं येत. त्यात तुझं काय चुकलं?"

"मग आबा, पलसाण्याचं?"

"मी सांगतो शेठला, दुसरा माणूस बघा म्हणून. तुझा पुढचा कागद कधी?"

"जूनमध्ये."

"मग लग्नसराईत घरी येऊन जा. तुझ्या मायला चार ठिकाणी मिरवायचंय तुला."

वाल्मिक पाया पडायला वाकला. धुडकूभाऊंनी त्याला मधेच धरून उभं केलं.

खाली उतरायच्या जिन्यापाशी जहाजाची माणसं निरोपाला ओळीने उभी होती. प्रवासी हात हलवत पुढे जात होते. धुडकूभाऊ पहिल्या माणसापुढे थांबले, नीट हात जोडले, मग दुसऱ्यापुढे, मग तिसऱ्यापुढे. मागची रांग तुंबली, कोणीतरी "चलो काका" म्हणालं. सरलाबाई मागे वळून म्हणाल्या, "थांबा जरा. आमच्या पोराची माणसं आहेत."