लेबलकाकांची केबल

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. लेबलकाका परीक्षेत नापास झाले ते माझ्यामुळे.

काकांच्या खिशात कायम पांढरी चिकटपट्टी आणि काळं मार्कर असे. चार्जर, डबा, डब्याचं झाकण, सगळ्यावर लिहिलेलं: ‘काका, रास अल खैमा’. तिथल्या सिमेंट फॅक्टरीत ते इलेक्ट्रिशियन. दर शनिवारी सकाळी बसने शारजाला आमच्या कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या वर्गाला यायचे. बावन्नाव्या वर्षी पहिल्या बाकावर. केरळच्या सरांनी आयपी अ‍ॅड्रेस समजावला, तेव्हा हे म्हणाले, “सर, ये तो लेबल ही हुआ. मैं पच्चीस साल से कर रहा हूँ.”

फॅक्टरीच्या सर्व्हर रूममधली एक जागा रिकामी होणार होती. सर्टिफिकेट वेळेत दाखवलं तर ती काकांची. “पंचवीस वर्षं भट्टीपाशी काढली, पुणेकर,” ते मला म्हणायचे. “आता चार वर्षं एसीत बसून सर्दीने आजारी पडायचंय.”

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी केबल घरी विसरलो. काकांच्या पिशवीत पाच-सहा असायच्याच. मागेल त्याला द्यायचे. “घ्या. नाव घातलंय, हरवणार नाही.”

घाईत मी त्या केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे लॅबचे सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्यात, खोचली. सिग्नल तिथल्या तिथेच गोल फिरत राहिले आणि मिनिटभरात अख्ख्या लॅबचं नेटवर्क बसलं. सरांनी रॅकमधल्या वायरी चाचपल्या, एक उपसली आणि पट्टी वाचली. “काका, ये आपका है?”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण दुबई सिलिकॉन ओएसिसमधली नोकरी याच निकालावर अडली होती. मी खाली बघून बुटाची नाडी बांधली.

काकांनी चष्मा वर करून नाव वाचलं. स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांचा लेबलवर जास्त विश्वास. “मेरा ही है, सर.”

“खलास, काका. नेक्स्ट टर्म.”

लिफ्टमध्ये तेच सगळ्यांना हसवत होते. “गुन्ह्यावर स्वतःचं नाव लिहून ठेवणारा मीच पहिला.” सगळ्यांबरोबर मीही हसलो.

पुढच्या टर्मला ते पास झाले, तोवर जागा भरली होती. उरलेली वर्षं भट्टीपाशीच काढून ते चिपळूणला परतले. परवा राऊटरचा फोटो पाठवला. त्यावर पट्टी: ‘हात लावू नये. बिघडल्यास काकांना विचारावे’. खाली मेसेज: “पुणेकर, गावात मीच आयटी डिपार्टमेंट. एसी मात्र नाही.”

मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

त्या दिवशी सरांच्या टेबलावरून मी गुपचूप उचललेली ती केबल माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. पट्टी पिवळी पडली, नाव अजून वाचता येतं. ती परत करायची आहे, आणि तिच्यासोबत एक वाक्य: काका, दोन्ही टोकं मी खोचली होती.