कांद्याचं मूळ घेऊन आलेल्या भिंगरीबाई

आमच्या विज्ञानाच्या बाई खुर्चीत बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. शिकवतानाही वर्गभर फिरत, म्हणून पारनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेने त्यांचं नाव भिंगरीबाई ठेवलं होतं. नगरहून पहिल्या एसटीने येत आणि पिशवी खाली ठेवण्याआधी खडू उचलत.

पेशीविभाजन त्यांनी भाकरीच्या पिठावर शिकवलं. एक गोळा मधोमध आवळून त्याचे दोन केले. "ही प्राण्याची पेशी. कमरेत आवळते." दुसऱ्या गोळ्यात पुठ्ठा उभा खोचला. "वनस्पतीच्या पेशीला बाहेरून कडक भिंत, तिला आवळता येत नाही. ती मधोमध नवी भिंत घालते."

"आणि त्याआधी काय करते, बाई?" मी विचारलं.

"वाढते. गप्प दिसते, पण आतला ऐवज दुप्पट करत असते. उगीच कुणाचे एकाचे दोन होत नाहीत."

त्याच वर्षी दुष्काळ पडला. माझ्या वडिलांनी, आबांनी, अकरावीच्या मध्यातच माझी शाळा सोडवली आणि मी आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागले. आठवड्याभरात बाई तिथे हजर. पोटाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक. तो मुख्याध्यापकांना न विचारता आणला होता, हे मला नंतर कळलं.

"बाई, हितं लाईट न्हाई," आई म्हणाली.

"आरसा आहे, ऊन आहे. पुरे."

पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला फुटलेलं मूळ त्यांनी तांबड्या रंगात भिजवून आणलं होतं. त्याचं टोक काचेवर अंगठ्याने दाबलं. मी भिंगातून पाहिलं. एका चौकोनी पेशीत दुप्पट झालेल्या ऐवजाचे तांबडे दोरे दोन टोकांना ओढले गेले होते. शेजारच्या चौकोनात नवी भिंत पुसट उमटली होती. मग आईने पदराला हात पुसून डोळा लावला.

"हे समदं कांद्यात चालू हाय?"

"तुमच्या पोरीतही. तिला थांबवू नका."

आबांशी आईच भांडली. मी शाळेत परतले, तर बाई नव्हत्या. सूक्ष्मदर्शक नेल्याबद्दल त्यांची राहुरीकडे बदली झाली होती.

बारावीचा निकाल लागताच मी गुणपत्रक घेऊन राहुरीला त्यांच्याकडे गेले. त्यांनी दारात उभ्यानेच ते वाचलं.

"बाई, माझ्यामुळे तुमची बदली..."

"गप. कॉलेजचा अर्ज भरलास?"

"नाही अजून."

"मग चहाला थांबू नकोस. तीनची गाडी चुकेल."

स्टँडपर्यंत त्या पुढे, मी मागे धावत. गाडी हलली तरी खिडकीशी काहीतरी सांगत होत्या. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पुन्हा आमची भेट झाली नाही. त्या काय म्हणाल्या असतील याचाच विचार करत मी नगरला उतरले, आणि घरची गाडी सोडून कॉलेजच्या वाटेला लागले.