बाबा कॅन्सरने गेले नाहीत

माझे सासरे परवा सकाळी गेले. हार्ट अटॅकने.

फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'कॅन्सरशी झुंज अखेर संपली' असं टाकलंय, ते प्लीज काढा. बाबा असते तर त्यांनी स्वतःच दुरुस्ती पाठवली असती.

अख्खी नोकरी त्यांची दिल्लीत, केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या ऑफिसात झाली.

रिटायर झाले आणि घशाचा कॅन्सर निघाला. आम्ही सगळे गळपटलो, आणि हे गृहस्थ डॉक्टरांचीच उलटतपासणी घेत बसले.

डॉक्टर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सांगत होते. बाबांनी विचारलं, हे कोणते पेशंट? ऑपरेशन कधी झालेले?

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तो आकडा जुन्या लोकांचा आहे. माझा अजून तयार व्हायचाय."

आवाज घोगरा झाला होता, पण स्वतःचा होता.

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. श्वासासाठी गळ्याला भोक, आणि बोलायला हनुवटीखाली धरायचं एक मशीन. त्यातून सगळं एकाच सुरात यायचं. रागावलेत की चहा मागतायत, कळायचं नाही.

त्याच सुरात भाजीवाल्याशी घासाघीस. तो बिचारा गडबडून धनिया फुकट देऊन टाकायचा.

घशाच्या कॅन्सरचे पेशंट वाढले अशी बातमी आली की बाबांचा चहा गार झालाच म्हणून समजा.

खरंच वाढले? की लोक जास्त जगतायत, म्हणून त्या वयाला पोचतायत? की आधी गावाकडचा माणूस निदान न होताच जायचा, आणि आता किमान मोजला तरी जातो?

पेशंट पूर्वीपेक्षा जास्त वर्षं जगतात म्हणे. मग उपचार सुधारले, की आजार लवकर सापडतो म्हणून वर्षं मोजायलाच आधी सुरुवात होते?

मी एकदा वैतागून म्हटलं, बाबा, तुम्ही जगताय ना, मग झालं तर.

ते म्हणाले, एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही.

सिगारेट ओढायचे, ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण ऑफिसातला त्यांचा मित्र त्यांच्याच पाकिटातून तेवढ्याच ओढायचा आणि ठणठणीत होता. त्याला का नाही झाला? हे हेव्याने नाही हं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. शेवटपर्यंत उत्तर मिळालं नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला समोर बसवून, मशीन लावून बजावली होती.

"मी दुसऱ्या कशाने गेलो तर मला कॅन्सरच्या खात्यात टाकू नका. चुकीच्या नोंदींनी पुढचा पेशंट उगाच घाबरतो."

परवा नोएडाच्या हॉस्पिटलात ईसीजीवर अटॅक स्पष्ट दिसत होता. पण मृत्यूचा कागद भरताना डॉक्टरने माझ्या नवऱ्याला विचारलं, पहले से क्या बीमारी थी?

निखिल म्हणाला, थ्रोट कैंसर.

गळ्याचं भोक समोर होतंच. डॉक्टरने मूळ कारण म्हणून तेच लिहिलं.

मी वाचलं आणि माझी सटकली. निखिलला बाजूला घेतलं, चांगलं झापणार होते.

तो म्हणाला, "अगं, इतकी वर्षं मला त्याचीच भीती होती. त्याने विचारलं आणि तेच तोंडात आलं."

खरंच. बाबांना बीपीपण होतं, पण घरात कॅन्सर असताना बीपीला कोण घाबरतं?

माझा राग तिथेच उतरला. निखिलला बसवलं आणि मी काउंटरवर गेले.

डॉक्टर तरुण होता, दमलेला. म्हणाला, मैडम, अब क्या फर्क पड़ता है?

मी मोबाइलवर बाबांचे इतक्या वर्षांचे सगळे क्लीन रिपोर्ट दाखवले. हिंदीतच सांगितलं, जो माणूस कॅन्सरमधून वाचला, त्याला तुम्ही कॅन्सरने मारताय.

त्याने रिपोर्ट नीट बघितले. सीनियरला फोन केला. मग कागद रद्द करून नवा लिहिला.

निखिलने तो वाचला, परत वाचला, आणि बाकावर बसून हमसून हमसून रडायला लागला.

"म्हणजे बाबा बरे झाले होते गं. आपण कधी मानलंच नाही."

बाबा, आता मानलं.

नीट जा. घरच्या सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.