मोटर पुढे की मागे

"मागे. मागे म्हणतोय ना मी. बैल आहे का ती, नाकात वेसण घालायला?" डमडमच्या आपल्या हॉलमध्ये, नव्या कोऱ्या बोटीत उभा राहून दिगंबर केळकर माझ्यावर ओरडत होता. हावड्याच्या पुलावरच्या माणसांनी वळून पाहिलं असणार, असा आवाज. बोट हॉलमध्येच होती, कारण सोसायटीने ती जिन्याखाली ठेवू दिली नाही आणि या गृहस्थाने सोफा विकला. दुसऱ्या मजल्यावर ती कशी चढवली हे सांगितलं तर तुम्ही माझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही, म्हणून सांगत नाही. आला-गेला पाहुणा बोटीत बसूनच चहा प्यायचा.

ओरडणं चाललं होतं ते बॅटरीवर चालणाऱ्या एका छोट्या मोटरीवरून. मासा बुजू नये इतक्या गुपचूप बोट सरकवणारी मोटर. मी म्हणायचो, पुढच्या टोकाला लाव, बोट ओढत नेईल, वाऱ्यात भरकटणार नाही. तो म्हणायचा, मागच्या फळीला. गार्डन रीचच्या गोदीत जन्मभर लढाऊ जहाजांची ड्रॉइंगं काढलेला माणूस, आणि या चिमुकल्या होडीची मोटर काही ठरेना. ती ठरली की बोट पाण्यात, एवढंच बाकी होतं. "अरे, बॅटरी मागे, मोटर मागे, तू मागे," मी म्हणालो, "बोट उभी राहील की घोड्यासारखी." तो म्हणाला, "पुढे मोटर लावली तर पुढे बसायचं कुणी?" मी म्हटलं, "कोण बसणार आहे? आपण दोघंच तर..." त्यावर तो गप्प झाला. दिगंबर आणि गप्प... मला तेव्हाच काहीतरी वाटायला हवं होतं.

तसा तो शाकाहारी. शालिनीवहिनीही. पण सॉल्ट लेकपलीकडच्या भेऱ्यांवर, म्हणजे मासे वाढवायच्या त्या अफाट तळ्यांवर, गळ टाकून बसायचं त्याला वेड. पकडलेला मासा खालच्या दत्तबाबूंकडे जायचा आणि ते दर वेळी कपाळाला हात लावून विचारायचे, "खाबेन ना, तो धोरेन केनो?" खायचा नाही तर पकडता कशाला, म्हणून. आणि हा पुन्हा गळ घेऊन निघायचा. एकदा एका कातला माशाने आमची भाड्याची होडी जवळजवळ सुंदरबनापर्यंत ओढत नेली होती. वहिनी म्हणायच्या, "भावजींचा मासा घरी पोचेपर्यंत वाढतो." स्वतः मात्र त्या कधी आल्या नाहीत. "तोंडातून रक्त येणारा जीव बघायला मी येणार नाही," असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं, लग्नानंतर लगेच, आणि तो विषय तिथेच संपला होता.

वादाच्या त्या दिवशी भिंतीवर गळाच्या काठ्या दिसल्या नाहीत. विचारलं, तर म्हणाला, "दत्तबाबूंना देऊन टाकल्या." मी हसलो. थापा मारायचा मक्ता माझा, याला कधीपासून जमायला लागल्या?

त्याच आठवड्यात सकाळी वहिनींचा फोन आला. मी बोटीचं चित्र काढत बसलो होतो, त्याला वादात चीत करणारं. त्या म्हणाल्या, "भावजी, हे उठत नाहीयेत." मी म्हणालो, "झोपू द्या, दुपारी येतो मी." त्या पुन्हा तेच म्हणाल्या, "उठत नाहीयेत." तेव्हा मला कळलं... आणि कळूनही मी हातातली पेन्सिल चालवतच राहिलो. कितीतरी वेळ. भेटायला आलेली माणसं त्या दिवशी भिंतीला टेकून उभी होती. बोटीत कुणी बसलं नाही.

अजून माझा विश्वास बसत नाही. एवढ्या आवाजाचा माणूस असा न ओरडता जातो कसा? परवा मी डमडमला गेलो. बोट तिथेच होती, पुसून लख्ख. मोटर खोक्यातच. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "एवढी मोटर बसवून द्याल?" मला भरून आलं. भरून आलं की मी बडबडतो. म्हटलं, "देतो की. पुढेच लावतो. शेवटी मी जिंकलोच. बोट विकायची असली तरी गिऱ्हाईक पुढची मोटरच मागतं."

"मागे लावा," वहिनी म्हणाल्या.

"अहो, पण का?"

त्या रिकामी कपबशी उचलत म्हणाल्या, "गळ न्यायचे नाहीत आणि पुढे मी बसायचं, असं ठरलंय आमचं."