कार्डावरची चाल

आपण इंदुरात आहोत की ग्वाल्हेरात, हे आमच्या शेजारच्या हेडक्लार्कांना सकाळचा चहा होईपर्यंत नक्की सांगता येत नसे. दोष त्यांचा नव्हता. तेव्हाच्या मध्यभारत राज्याची राजधानी सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे, आणि कचेरीच्या फायलींबरोबर हेही हलायचे. इथे आले की पहिले आठ दिवस ग्वाल्हेरच्या खोलीची किल्ली इथल्या कुलपाला लावून बघत आणि कुलपावरच चिडत. डोकं ठिकाणावर असायचं ते फक्त बुद्धिबळाच्या पटापुढे, आणि समोर बसलेली असायची त्यांची मुलगी कुसुम. मुलीला शिवणटिपण शिकवायचं सोडून हे काय, असं माझी बायको त्यांना तोंडावर म्हणे. "शिवण मला कुठे येते वहिनी? जे येतं ते देतोय," हे त्यांचं उत्तर. ग्वाल्हेरला गेले की डाव पोस्टकार्डांवर चाले. एका कार्डावर एकच चाल, खुशालीचा एक शब्द नाही. कुसुमने त्यांना एकदाही जिंकू दिलं नाही, आणि हरले की हे गल्लीभर सांगत सुटायचे.

कुसुम लग्न होऊन देवासला गेली तरी कार्डं चालूच राहिली. एके दिवशी असंच कार्ड घेऊन ते माझ्याकडे आले. चेहरा पार उतरलेला. "भिया, कुछ तो गडबड आहे. पोरीनं वजीर उघडा टाकलाय. अशी चाल ती तापातसुद्धा खेळायची नाही."

मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. चुकली असेल, म्हटलं.

"पण का चुकली? सासरी काही त्रास तर नाही ना?" असं म्हणत ते उठले आणि तडक देवासची मोटार धरली. एका पायात चप्पल माझी होती.

संध्याकाळी परतले. कुसुम मजेत होती. "म्हणते, बाबा, इतकी वर्षं हरताय, एखादा डाव जिंका ना." हे सांगताना हसावं की रडावं, त्यांना कळेना. "माझी कीव करते का हो ती? परकी झाली का?" शेवटी माझ्याच टाकाने त्यांनी कार्ड लिहिलं: चाल परत घे.

चार दिवसांनी ते अंगणातूनच हाका मारत आले. "बघा भिया, चाल परत घेतली आणि माझाच वजीर मारला पोरीनं."

कार्डावरचं मला काहीच कळलं नाही. ते मात्र हसत हसत डोळे पुसत होते, आणि का कोण जाणे, मलाही भरून आलं.