सासूबाईंनी आंबा सोडला तो उन्हाळा

शाळेला सुट्टी लागली की बायका माहेरी जातात. मी सासरी येते. माझी शाळा अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा गावात, आणि घर गोंदियाच्या कुडव्यात. सोमवारी पहाटेची गाडी धरायची, शनिवारी सकाळची शाळा आटोपून परतायचं आणि मधले दिवस भाड्याच्या एका खोलीत काढायचे, असं सात वर्षं चाललं आहे. पहिल्यांदा निघाले तेव्हा गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर मी ढसाढसा रडले होते. ते रडणं आमच्या नात्यागोत्यात अजून कोणी विसरलेलं नाही. लग्नाकार्यात भेटलेली प्रत्येक बाई आधी ‘बिचारी मॅडम’ म्हणते आणि मग हालहवाल विचारते.

कबूल करते, बिचारी म्हणवून घेणं मला आवडायचं. बिचारीच्या पानात जिलेबी जास्त पडते आणि तिला भांडी विसळायला कोणी बसवत नाही.

पण मधल्या काळात त्या खोलीचा मला लळा लागला, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. एक खिडकी, खिडकीबाहेर तलाव, आत एक शेगडी, एक कढई, एक कप. शाळेतून आले की दाराला आतून कडी घालायची, चहा टाकायचा आणि पाय खिडकीत ठेवून बसायचं. वाटलं तर नुसता भात आणि लोणचं. आज भाजी काय, असं विचारणारं कोणी नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा स्वतःचं कुलूप आणि स्वतःची किल्ली मिळाली होती. घरात तरी असं कोण आहे? मुलगी शिकायला नागपूरला, उरले सासूबाई आणि नवरा. दोघंही मायाळू. छळ नाही, भांडण नाही. मग लांब बरं वाटतं हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

यंदा मे महिन्यात बदलीचं पोर्टल उघडलं. आमच्यासारख्या अवघड भागात ठरावीक वर्षं काढली की बदली मागायचा हक्क मिळतो. मागितली तर मिळते, न मागितली तर कोणी हुसकून लावत नाही. पण न मागणारा माणूस घरच्यांनी अजून पाहिलेला नव्हता. नवऱ्याचं कुडव्यातच धान्याचं दुकान आहे. त्या दिवशी तो दुकान लवकर बंद करून आला. पोर्टल उघडायचं तर त्याचा फोन लागतो, कारण नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता आणि सगळ्या कागदांवर त्याचाच नंबर टाकलेला होता. तो बदलायचा राहूनच गेला. त्याने बशीत ओतलेल्या चहाचा एक लांब फुरका मारला, ओटीपीचा एकेक आकडा दोन-दोनदा वाचून दाखवला आणि मी कुडव्याच्या आसपासच्या शाळांची यादी भरून टाकली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ‘भरला’ असं ऐकलं तशा देवापुढे गेल्या, हात जोडले आणि बाहेर येऊन सांगितलं, “पोरीची बदली झाली का मंग आंबा खाईन. तवपर्यंत हात नाही लावत.”

आमच्या परसात गावरान आंब्याचं झाड आहे. उन्हाळ्यात सासूबाईंना भाजी नसली तरी चालते, आंबा लागतो. सकाळी एक, जेवताना एक, दुपारी उठल्यावर एक. या बाईने आंबा सोडावा, तोही माझ्यासाठी, हे ऐकून मला त्या क्षणी अभिमान वाटायला हवा होता. मला घाम फुटला.

त्यानंतर माझ्या पायाला भिंगरी लागली. एरवी मी बोलावणं आल्यावरही कारणं शोधणारी, पण यंदा वाट न बघता निघायचे. आमगावला बारसं, सालेकशाकडे साक्षगंध, कोणाच्या घराची वास्तू, कोणाचं काय. भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून एसटीत बसायचं, उतरून उसाचा रस प्यायचा, आणि तिथे पोहोचले की परत निघायची घाई. घरी टेकले तर टेबलावर आंब्यांचं टोपलं असायचं आणि सासूबाई त्यातले सडके बाजूला काढत असायच्या. वास घ्यायच्या, परत ठेवायच्या. नवऱ्याच्या चहाचा फुरका दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा आणि मला वाटायचं, आता हे रोज. सकाळ, संध्याकाळ, निवृत्तीपर्यंत.

नणंदेच्या मुलीचं लग्न गोरेगावकडच्या एका खेड्यात होतं. पंगतीत आमरस आला. सासूबाईंनी वाटीवर हात आडवा धरला. शेजारणीने विचारलं, “काऊन वं, साखर वाढली का?”

“नाही बाप्पा, सुनेची बदली होऊन राहिली. देवाले बोलली आहो,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी मान वर केली नाही.

शेजारणीने माझ्याकडे वळून म्हटलं, “मॅडम, दिवा घेऊन शोधली तरी अशी सासू भेटत नाही, सांगून ठेवतो.” ही बातमी आमरसाच्या बादलीबरोबर पंगतभर फिरली. मांडवात ज्याला त्याला माझं कौतुक नाही, सासूबाईंचं कौतुक. माझ्या पानात जिलेबी पडतच होती आणि मला ती गिळवत नव्हती. डीजे वाजायला लागला तेव्हा मी डोकं दुखतं म्हणून गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी तिरोड्याला धाकट्या बहिणीकडे पळाले. तिने बोदलकसा तलावावर जायचं ठरवलं होतं. तिच्या नवऱ्याने ताज्या मासोळ्या घेतल्या, काठावर तीन दगडांची चूल मांडली. अर्ज मागे घ्यायची ती शेवटची तारीख होती. ती मी ठरवून लक्षात ठेवली नव्हती, पण विसरलेही नव्हते. फोनला रेंज मिळेना, तशी मी रेंज शोधत तलावाच्या पाळीवर, बांधावर चढले. एका मोहाच्या झाडाखाली फोनवर दोन काड्या दिसल्या. मी पोर्टल उघडलं आणि नवऱ्याला फोन लावला.

“ओटीपी आला का?”

“आला. काय करून राहिली?”

“यादी एकदा तपासून घेते.”

त्याने नेहमीसारखे एकेक आकडे दोन-दोनदा वाचले. मी बटण दाबलं.

“झालं का?” त्याने विचारलं.

“झालं.”

“जेवली?”

“जेवते आता.”

खाली उतरले आणि मासोळीचा रस्सा तीनदा मागून घेतला. महिन्याभरात पहिल्यांदा मला भूक लागली होती. बहीण म्हणाली, “ताई, तुले उपाशी ठेवतेत का तिकडे?” मी हसत सुटले. भांडी आवरताना मात्र सासूबाईंचा वाटीवर आडवा धरलेला हात डोळ्यांपुढे आला आणि रश्शाची चव गेली. मी एका म्हाताऱ्या बाईला फसवत होते, त्याला दुसरं नाव नव्हतं.

जूनमध्ये बदल्यांची यादी आली. नवऱ्याने फोनवर वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला, मग परत खालपासून वर. “नाव नाही दिसत,” तो म्हणाला आणि दुकानात निघून गेला. मी खिडकीकडे बघत राहिले. सासूबाईंनी देवाकडे पाहून हात जोडले. मग म्हणाल्या, “काही हरकत नाही. औंदा नाही त पुढच्या उन्हाळ्यात. तवपर्यंत तसंच ठेवतो मी.” टोपल्यात शेवटचे सात-आठ आंबे होते. ते त्यांनी माझ्याकडे सरकवले. “शेजारी वाटून टाक, नाहीतर सडतीन.”

आणखी एक उन्हाळा. त्यांचं वय बहात्तर आहे. पुढचा आंबा कोणी पाहिला? माझा धीर सुटला.

“आई, देवाचा काही दोष नाही. अर्ज मीच मागे घेतला. बोदलकशाला मासोळी खायला गेलो होतो, तिथं बसून.”

“काऊन?”

“मला तिथं बरं वाटतं.”

“आमी का तरास देतो तुले?”

“नाही आई. तिथं मी एकटी असते, म्हणून बरं वाटतं. दार लावून बसते. वाटलं तर नुसता भात-लोणचं खाते.”

त्यांनी टोपलं परत ओढून घेतलं. मग टोपल्यातला सगळ्यात मऊ आंबा उचलला, दोन्ही हातांनी पिळून पिळून मऊ केला, देठ काढला आणि चोखायला लागल्या. कोय पांढरी होईपर्यंत सोडला नाही. मग दुसरा. तिसऱ्याला हात घालताना बोलल्या, “दीड महिना! दीड महिना मी आंब्याकडं पाह्यलं नाही वं, अन् तू तिकडे मासोळ्या खाऊन बटन दाबली!” त्यांच्या मनगटावरून रस ओघळत होता आणि डोळ्यांतूनही पाणी. मी फडकं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. पुढचे तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगायला गेले. तो दुकानातून आला होता, बशी हातात होती.

“माहीत आहे मले,” तो म्हणाला. “तुवा बटन दाबलं अन् इकडे मेसेज आला. अर्ज मागे घेतला मनून.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या नंबरवर ओटीपी जातो, त्याच नंबरवर पुढचंही सगळं जातं. मुलांना बेरीज दोनदा तपासा म्हणणारी मी.

“मग बोलला का नाहीत? आणि यादी कशाला पाहत होतात, वर-खाली?”

“बुढीसमोर का म्हणू मंग?” त्याने बशी खाली ठेवली. “मले वाटलं, तू सांगशील. वाट पाहून राहिलो.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निघाले. सासूबाईंनी पिशवीत लोणच्याची बरणी ठेवली, तोंडाला कापड बांधून. चौथ्या दिवशीचं त्यांचं पहिलं वाक्य बरणीकडे बघूनच आलं. “मी नवरी होऊन आली तवापासून दाराले आतून कडी लावून एकटी बसली नाही कधी. कसं लागते, का माहीत.” मी पाया पडले. त्यांनी पाठीत एक धपाटा घातला, जरा जोरातच.

नवरा स्टेशनवर पोहोचवायला आला. पिशव्या वर चढवल्या, मला खिडकीची जागा धरून दिली आणि स्वतः शेजारी बसला.

“उतरा, गाडी सुटते आता,” मी म्हटलं.

“मी येऊन राहिलो. सात वर्षांत एकडाव आलो तिकडे, तेही सामान टाकाले. पाहू त दे मले, का आहे त्या खोलीत.”

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. माझी खिडकी, माझी कडी, आणि हा माणूस बरणी मांडीवर घेऊन निघालाही होता. गाडी हलली. आता त्याला उतरवता येणार नव्हतं. तो खिडकीबाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे बघत होता आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरमागे गेल्या सात वर्षांत केस किती पांढरे झालेत, ते मला इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसलं.

“खोलीवर कप एकच आहे,” मी म्हणाले.

“मले कप कायले? मी त बशीतच पितो.”

खोलीवर बशीही नव्हती. अर्जुनीला उतरल्यावर मी त्याला आधी भांड्यांच्या दुकानात नेलं.